रामगिरी, गिरड, जुनापाणी : सक्करदऱ्यातून मुलाबाळांसह पायी फिरायच्या वाटा

दिवाळीच्या सुट्ट्यांत मुलं मोबाइलवर राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाईचे व्हिडिओ पाहतात आणि ‘आपण कधी जायचं?’ म्हणून मागे लागतात. नागपुरातल्या बहुतेक घरांत याला ठरलेलं उत्तर मिळतं, ‘मोठा हो, मग पाहू.’ सह्याद्री आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासाइतका लांब आहे, हे खरंच. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला डोंगर म्हणून लागतं काय? पायऱ्यांची किंवा दगडांची एक वाट, वर पोहोचल्यावर चारी बाजूंनी दिसणारं शिवार आणि मधे थांबून पाहण्यासारखं काहीतरी. एवढं सगळं सक्करदरा चौकातून निघून तास-दीड तासात गाठता येतं. मोठं होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

आपल्या भागाची एक गंमत शाळेच्या पुस्तकात नीट सांगितली जात नाही. दख्खनचा काळा बसाल्ट पश्चिमेकडून पसरत येतो आणि नागपूरपाशी संपत जातो. त्यामुळे शहराच्या चार बाजूंना चार तऱ्हेची जमीन आहे. पश्चिमेला काटोल-कळमेश्वरकडे काळी माती, कापूस, संत्र्याचे बगीचे आणि सपाट माथ्याच्या टेकड्या. आग्नेयेला उमरेडकडे जमिनीखाली कोळसा. पूर्वेला कुही, मौदा, भंडाऱ्याकडे धानाच्या बांध्या, तलाव आणि बोड्या. उत्तरेला मनसर-रामटेककडे बसाल्टपेक्षा कितीतरी जुने खडक आणि त्यात मँगनीज. एका हिवाळ्यात चार रविवार काढले तर मुलं चार वेगळ्या जमिनींवरून चालून येतात. दगडाचा रंग बदलला, पीक बदललं, घरांच्या भिंती बदलल्या, हे त्यांचं त्यांनाच दिसतं.

आधी महिना, मग घड्याळ

विदर्भात फिरायची जागा ठरवण्याआधी महिना ठरवावा लागतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश. एवढा फरक असलेल्या गावात ‘केव्हाही जा’ असा सल्ला देणं बेजबाबदारपणाचं आहे. मार्च अर्धा सरल्यापासून मृगाचा पाऊस स्थिर होईपर्यंत लहान मुलांना टेकडीवर नेऊ नका. पळस फुललेला दाखवायचा असेल, मोहाची फुलं पडलेली दाखवायची असतील, तर उजाडता निघा आणि साडेआठच्या आत सावलीत परत या. जुलै ते पोळा हा काळ हिरवागार असतो, पण पायऱ्यांवर शेवाळ आणि नाल्यांना पूर असतो. खरा हंगाम कोजागिरीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा. त्यातही डिसेंबर-जानेवारी सर्वांत चांगला: गवत बसलेलं असतं, वाटा दिसतात, तलावांवर पाहुणी बदकं असतात आणि दुपारचं ऊनही सोसतं.

घड्याळाचा नियम एकच. सकाळी साडेपाच-सहाला घर सोडा आणि दुपारच्या जेवणाला परत या, किंवा जेवण तिकडेच करून सूर्य कलायच्या आत निघा. सक्करदऱ्याहून काटोल रस्त्याला किंवा रामटेकला जायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं. सातनंतर तेवढ्यातच मुलांचा उत्साह निम्मा होतो.

आता पायांबद्दल. पाच-सहा वर्षांच्या मुलाला जाऊन-येऊन तीन किलोमीटर आणि शंभर-दीडशे मीटर चढ भरपूर झाला. आठ-दहा वर्षांचं मूल पाच-सहा किलोमीटर हसत चालतं. मोठ्या माणसाला लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट वेळ धरा आणि त्यात खेळायचा वेळ वेगळा मिळवा. सरळ, एकसुरी रस्त्यानं मुलं लवकर कंटाळतात. वळणं, पायऱ्या, दगड, पाणी असलं की तेच अंतर त्यांना कमी वाटतं. सगळ्यांत लहान मूल पुढे चालवा, म्हणजे सगळ्या टोळीचा वेग तेच ठरवतं, आणि एक मोठं माणूस शेवटी ठेवा. नवे बूट थेट टेकडीवर घालू नका. रेशीमबागच्या मैदानाला आठवडाभर रोज दोन चकरा मारल्या की बूट कुठे चावतात ते कळतं आणि मुलाचा दमही कळतो.

पहिली वाट रामटेकची

सुरुवात रामटेकपासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर, रस्ता चांगला, वर पाणी आणि दुकानं आहेत, आणि डोंगर खराखुरा आहे. पण बहुतेक लोक गाडी थेट गडाजवळ नेऊन लावतात, दर्शन घेतात आणि खाली येतात. त्यात मुलांच्या वाट्याला डोंगर येतच नाही.

गाडी अंबाळा तलावापाशी थांबवा. तलावाच्या काठावर जुनी देवळं आणि घाट आहेत. तिथून दगडी पायऱ्यांची जुनी वाट गडावर चढते. चढ सलग आहे, पण पायऱ्या रुंद असल्यानं मुलांना धोका कमी. वर वराहाची भलीमोठी मूर्ती लागते. तिच्या पोटाखालून वाकून जायची जुनी रीत आहे आणि मुलांना ती फार आवडते. मग एकामागून एक दरवाजे: वराह, सिंगपूर, भैरव, गोकुळ. प्रत्येक दरवाजा विसाव्याची जागा समजा. शेवटी राम-लक्ष्मणाच्या देवळांच्या गच्चीवरून खिंडसीचं पाणी, खालचं गाव आणि लांबवर पसरलेली शेतं दिसतात. आजी-आजोबांना गुडघे दुखत असतील तर घरातल्या एकानं त्यांना गाडीनं वर न्यावं, बाकीच्यांनी पायऱ्यांनी यावं आणि सगळ्यांनी गडावर भेटावं. कुणालाही घरी ठेवावं लागत नाही.

रामटेक म्हणजेच मेघदूतातला रामगिरी, ही आपल्याकडची जुनी मान्यता. म्हणूनच डोंगरावर कालिदास स्मारक आहे. पण मुलांना दगड दाखवायचा असेल तर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन छोटी देवळं चुकवू नका. ती पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली आहेत. केवल नरसिंहाच्या देवळातल्या शिलालेखाचा संबंध वाकाटक राणी प्रभावतीगुप्त हिच्या घराण्याशी आहे. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. गुप्तांचा इतिहास मुलं शाळेत पाठ करतात. तो इथे पन्नास किलोमीटरवर, हाताला लागेल असा उभा आहे. त्रिविक्रमाची भग्न मूर्तीही याच डोंगरावर आहे.

उतरल्यावर ताकद उरली असेल तर नगरधनचा किल्ला जवळच आहे. तो भुईकोट असल्यानं चढ नाही, तटाच्या कडेनं फेरी मारता येते आणि चार वर्षांचं मूलही सहज फिरतं. नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. इथल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. सकाळी जिच्या काळातलं देऊळ पाहिलं तिच्याच नावाची मुद्रा दुपारी पाहिलेल्या गावात निघाली, हे सांगितलं की दहा वर्षांच्या मुलाचे डोळे चमकतात. मनसरची हिडिंबा टेकडीही याच रस्त्यावर आहे. तिथे विटांच्या भव्य बांधकामाचे अवशेष उघडे केले आहेत. पण तीन जागा एका दिवसात कोंबू नका. रामटेक आणि नगरधन एवढं पुरे.

त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला रामटेकला प्रचंड गर्दी असते. यात्रा पाहायची असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी लहान मुलांना पायऱ्यांवर चालवू नका. इतवारी स्थानकाहून रामटेकला रेल्वेगाडी जाते. वेळापत्रक जुळलं तर मुलांसाठी तो अर्धा आनंद ठरतो. एसटीनं जायचं तर गणेशपेठहून. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना भाडंच नाही. आई, आजी आणि दोन मुलं एवढ्यांची सहल फार स्वस्तात होते.

आपला स्वतःचा रस्ता, उमरेडचा

सक्करदऱ्याच्या माणसाला एक मोठी सोय आहे, तिचा तो फारसा उपयोग करत नाही. आयुर्वेद महाविद्यालयाच्या चौकातून सुटलेला उमरेड रस्ता ताजबाग, दिघोरी ओलांडतो आणि थोड्याच वेळात शहर मागे पडतं. सीताबर्डी नाही, वर्धा रोडची कोंडी नाही. पश्चिम नागपूरकरांना हा रस्ता गाठायलाच पाऊण तास लागतो.

या रस्त्यानं उमरेड आणि तिथून पुढे गिरड. गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं. टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि हिंदू-मुसलमान दोघंही तिथे नवस बोलायला जातात. ताजबागच्या दर्ग्याशेजारी वाढलेल्या मुलांना यात नवल वाटणार नाही. नवल वाटतं ते तिथल्या दगडांचं. टेकडीच्या परिसरात सुपारी, जायफळासारखे दिसणारे छोटे गोल दगड सापडतात. कथा अशी की एका व्यापाऱ्यानं फकिराची थट्टा केली आणि त्याच्या मालाचे दगड झाले. भूविज्ञान सांगतं की बसाल्ट थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्या झिओलाइट नावाच्या खनिजानं भरल्या. खडक झिजला आणि आतले गोळे मोकळे झाले. मुलांना दोन्ही सांगा. आधी कथा, मग खडक. या क्रमानं सांगितलं तर दोन्ही लक्षात राहतात. दगड तिथल्या भाविकांच्या श्रद्धेचे आहेत. हातात घेऊन पाहा, पिशव्या भरून आणू नका.

गिरडला पायऱ्यांची वाट सोडून आजूबाजूच्या झाडीत शिरायचं नाही. उमरेड-समुद्रपूरचा हा पट्टा वाघांच्या येण्याजाण्याचा आहे. परतताना उमरेडजवळ मकरधोकडा तलावाच्या काठावर तासभर थांबता येईल. दुर्बीण असेल तर उत्तम, नसली तरी हिवाळ्यातली बदकं डोळ्यांनी दिसतात.

दुसरी वाट अंभोऱ्याची. उमरेड रस्त्यावरून कुहीकडे वळायचं आणि वेलतूरमार्गे नदी गाठायची. अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. वैनगंगा, कन्हान, आम, कोलारी आणि मुर्झा अशा पाच नद्यांचा हा संगम मानला जातो. काठावरच्या टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. चढ अगदी लहान, त्यामुळे ज्या घरात तीन-चार वर्षांचं मूल आहे त्यांनी रामटेकआधी इथे जावं. नागपूर आणि भंडारा जिल्हे जोडणारा नवा झुलता पूल इथे झाला आहे आणि त्याच्या मनोऱ्यावर दर्शक गॅलरी आहे. पुलावरून पायी जाणं हीसुद्धा मुलांसाठी एक चांगली चाल आहे. मात्र हात धरून, वाहनांकडे लक्ष ठेवून.

अंभोऱ्याला पाणी एवढं का पसरलंय, हे मुलं विचारतीलच. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी केली. त्या धरणाचं पाणी इथपर्यंत येतं. कुही तालुक्यातल्या कित्येक गावांनी त्यासाठी घरं आणि जमिनी सोडल्या. सुंदर दिसणाऱ्या पाण्याखाली कुणाची तरी शेतं आहेत, हे मुलांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. जमिनीबरोबर तिथल्या माणसांची ओळख झाली नाही तर चालण्याचा निम्मा उपयोग गेला. इथे हरिहरनाथांचं स्थान आहे, आणि मुकुंदराजांनी विवेकसिंधू हा ग्रंथ इथेच लिहिला असं अंभोऱ्याची माणसं सांगतात. अंबाजोगाईचा दावा वेगळा आहे. नावेत बसायचं असेल तर प्रत्येक मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं. जॅकेट नसेल तर नाव नको. यात ‘पाचच मिनिटं’ असा अपवाद करू नका.

जुनापाणी: चढ नसलेली सर्वांत जुनी वाट

काटोल रस्त्यावर शहर संपता संपता जुनापाणी आहे. माळरानावर मोठाल्या दगडांची वर्तुळं पसरली आहेत. जवळजवळ तीनशे. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी, लोखंड वापरायला शिकलेल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी ती रचली. बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये इथे उत्खनन केलं. जवळच्याच माहूरझरीत त्याच काळातली वस्ती आणि मणी घडवणाऱ्या कारागिरांच्या खुणा सापडल्या. ताजमहाल किंवा अजिंठा पाहायला जगभरातून लोक येतात. त्यांच्याहून जुनं काहीतरी आपल्या शहराच्या वेशीवर आहे आणि बहुतेक नागपूरकर तिथे एकदाही गेलेले नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

इथे चढ नाही, पायऱ्या नाहीत, दुकान नाही, सावलीही जवळपास नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीतली सकाळ निवडा. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गवतात वर्तुळंच दिसत नाहीत. मुलांना नुसतं ‘बघा, जुने दगड’ म्हटलं तर दहा मिनिटांत घरी जायचं म्हणतील. त्यांना काम द्या. एका वर्तुळाचा व्यास पावलांनी मोजायला सांगा. दगड किती आहेत ते मोजायला सांगा. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. ते ओळीत आहेत का, कोणत्या दिशेला आहेत, ते होकायंत्रानं पाहू द्या. अशा खळग्यांच्या दिशांचा अभ्यास शास्त्रज्ञांनीही केला आहे. वही-पेन्सिल न्या, एक वर्तुळ कागदावर काढून आणा. दोन तास कसे गेले ते कळत नाही. एक पथ्य: हे संरक्षित स्मारक आहे. दगड हलवायचा नाही, त्यावर खडूनं नाव लिहायचं नाही आणि उकरायचं तर मुळीच नाही.

जवळच्या, अर्ध्या सकाळच्या जागा थोडक्यात सांगतो. अंबाझरी तलाव भोसल्यांच्या काळातला. त्यामागचं जैवविविधता उद्यान मोठं आहे, वाटा आखलेल्या आहेत, सायकलीही चालतात. पहिल्यांदाच चालणाऱ्या मुलासाठी आणि गर्भवती किंवा वयस्क माणसांसाठी याहून सुरक्षित जागा नाही. हिंगणा रस्त्याकडचा झिल्पी तलाव पक्ष्यांसाठी आणि उगवत्या सूर्यासाठी. सावनेर-कळमेश्वरकडे जाणार असाल तर अदासा: विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी शमी विघ्नेश, आणि शेजारच्या टेकडीवर महादेवाचं देऊळ. तिथून धापेवाड्याचं चंद्रभागेकाठचं विठ्ठलमंदिरही पाहून होतं. हा फेरा चालण्यापेक्षा दर्शनाचा जास्त, पण आजीला सोबत न्यायचं असेल तर तोच सर्वांत चांगला.

नागपंचमीच्या सुमाराला पचमढीच्या नागद्वार यात्रेला आपल्याकडून हजारो लोक जातात. सक्करदऱ्यात ती यात्रा पायी केलेले आजोबा गल्लोगल्ली भेटतील. ती वाट पावसातली, खड्या चढउतारांची आणि अफाट गर्दीची आहे. बारा वर्षांखालच्या मुलाला तिकडे नेऊ नये, असं मी म्हणेन. आजोबांची गोष्ट ऐकवा. यात्रेला जायचं वय मुलाला येऊ द्या.

जिथे पायी जायचं नाही

पेंच, बोर, उमरेड-पवनी-करांडला ही जंगलं आपल्याला इतकी जवळ आहेत की ‘थोडं आत चालून येऊ’ असं वाटतं. तिथे पायी शिरणं गुन्हाही आहे आणि जिवावरही बेतू शकतं. परवानगीची सफारी, ठरलेलं प्रवेशद्वार, वनखात्याचा गाइड, एवढंच. गोरेवाड्यातही ठरवून दिलेल्या सोयींपलीकडे जाऊ नका. विदर्भात मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला गेलेली माणसं दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात जीव गमावतात. ती पोटासाठी जातात. आपण हौसेखातर मुलांना त्या झाडीत नेऊ नये. अभयारण्याबाहेरच्या टेकडीवर जातानाही आधी पायथ्याच्या गावात विचारा, ‘इकडे काही फिरतंय का सध्या?’ गुराखी आणि शेतकरी खरं सांगतात. त्यांनी नको म्हटलं की गाडी वळवा. मुलांना लघवीला एकटं झुडपात पाठवू नका. वन्यप्राण्याबद्दल मदत हवी असेल तर वनविभागाचा क्रमांक १९२६ आहे.

पाण्याचं भान त्याहून जास्त ठेवा. ज्यांच्या नावानं आपल्याकडे हिस्लॉप कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप नागपूरच्या खडकांचे पहिले मोठे अभ्यासक होते. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून ४ सप्टेंबर १८६३ रोजी घोड्यावरून परतताना फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. ही जमीन त्यांच्याइतकी त्या काळात कुणी पालथी घातली नव्हती. वरच्या अंगाला पाऊस झाला की आपल्याकडचा कोरडा नाला तासाभरात भरतो. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा, कितीही उशीर झाला तरी. बोडी किंवा तलावाच्या काठचा गाळ वरून घट्ट दिसतो, पाय घातला की रुतत जातो. पोहता येणाऱ्या मुलालाही अनोळखी पाण्यात उतरू देऊ नका.

बाकीचे धोके लहान वाटतात, पण जास्त वेळा तेच भेटतात. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून तो ताप येतो. पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत मुलांना पूर्ण पँट आणि मोजे घाला, गवतावर थेट बसू देऊ नका, चादर अंथरा, घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ घाला आणि ते कपडे लगेच धुवायला टाका. आठ-दहा दिवसांत ताप आला आणि अंगावर कुठे काळसर खपली दिसली तर डॉक्टरांना ‘आम्ही गवतात फिरलो होतो’ हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. साप चावला तर मांत्रिक नको, दोरी आवळणं नको, चिरा देणं नको. मुलाला शांत ठेवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

जुन्या देवळांच्या कमानींना, मोठ्या झाडांना आग्या मोहोळ असतं. त्याखाली उदबत्ती, फटाके, अत्तर, आरडाओरडा काहीच नको. रामटेकची वानरं पिशवीचा आवाज ओळखतात. त्यांच्यासमोर डबा उघडायचा नाही, मुलाच्या हातात प्रसादाचा पुडा द्यायचा नाही आणि त्यांना प्रेमानंही खाऊ घालायचं नाही.

सोबत काय न्यायचं? पाणी मुलामागे एक लिटर, मोठ्यामागे दीड. गूळ-फल्लीदाणे, मुरमुऱ्याचा चिवडा, धपाटे किंवा पोळी-भाजी, आणि हंगामात संत्री: तहान भागते आणि चढावर तोंडात काहीतरी राहतं. टोपी, पातळ जर्किन, एक जादा कपड्यांचा जोड, पट्टी, जंतुनाशक, मीठ-साखरेची पाकिटं, शिट्टी. टोप्या, शिट्ट्या, फल्लीदाणे यांसाठी बुधवार बाजार आहेच, महागड्या दुकानात जायची गरज नाही. पानगे-रोडग्यांचा बेत सगळ्यांना आवडतो, पण गोवऱ्यांचा विस्तव शेतमालकाच्या परवानगीनं, मोकळ्या जागेवर आणि पाणी शेजारी ठेवूनच. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा जंगलातल्या वणव्यांचा काळ. त्या दिवसांत विस्तव अजिबात नको. आणि संत्र्याच्या सालीपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळा कचरा ज्या पिशवीतून नेला त्याच पिशवीतून परत आणा.

यंदा कोजागिरीनंतरचा पहिला मोकळा रविवार रामटेकसाठी राखून ठेवा. मागून उमरेड रस्ता, मग जुनापाणी. निघताना घरी किंवा शेजारी एकाला सांगून ठेवा: कुठे चाललो, कोणत्या वाटेनं आणि किती वाजता परत येणार.